उन्हात स्क्रीन का दिसत नाही आणि कशी वाचायची: पाचगणीत पॅराग्लायडिंग करणाऱ्यांसाठी

पाचगणीच्या टेकऑफवर दुपारी मोबाइल काढला की पहिला हात ब्राइटनेसच्या पट्टीवर जातो. पट्टी आधीच शेवटपर्यंत ओढलेली असते, तरीही उंची दिसत नाही, व्हेरिओचा, म्हणजे चढ-उताराच्या वेगाचा, आकडा दिसत नाही. दिसतं ते स्वतःचं हेल्मेट. मग महागड्या फोनची चौकशी सुरू होते. नवा फोन घेण्याआधी कोन, काच, कपडे आणि सेटिंग या चार गोष्टी पाहून घ्याव्यात. त्यांना एखाद्या फोम शीटपलीकडे खर्च येत नाही, आणि फरक बहुतेक वेळा नव्या फोनपेक्षा मोठा पडतो.

उजेड कमी पडतो तो कशाच्या तुलनेत

निरभ्र दुपारी थेट ऊन साधारण १ लाख लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) असतं. त्यात धरलेला पांढरा कागद सुमारे ३०,००० निट (चमकेचं माप) इतका चमकतो. फोनची स्क्रीन ५०० निट देते, चांगला फोन उन्हात १,०००च्या वर जातो. कागदाशी बरोबरी करणं कुठल्याच फोनच्या आवाक्यात नाही, आणि त्याची गरजही नाही. महत्त्वाचं आहे ते काचेतलं प्रतिबिंब.

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. अंगात पांढरं जॅकेट असेल तर उन्हात ते २५,००० निटच्या आसपास चमकतं. त्याचे ४ टक्के म्हणजे १,००० निट. तुमच्या ५०० निटच्या आकड्यांवर १,००० निटचा पांढरा पडदा पसरला, मग आकडे कुठून दिसणार? तेच जॅकेट मळकट काळं असेल तर त्याचं प्रतिबिंब जेमतेम ६० निटचं असतं. फोन तोच, ऊन तेच, फक्त काचेत काय उमटतंय ते बदललं. निळ्याशार आभाळाचं प्रतिबिंब दीडदोनशे निटपर्यंत असतं, ते चालून जातं. मार्च-एप्रिलमधलं धुरकट, पांढुरकं आभाळ मात्र याच्या कितीतरी पट उजळ असतं. डिसेंबरात नीट दिसणारी स्क्रीन एप्रिलमध्ये रुसते, त्याचं हे एक कारण.

कोन: सगळ्यात आधी हेच करा

हार्नेस, म्हणजे उडताना बसायची पट्ट्यांची खुर्ची, घराच्या झोपाळ्याच्या कड्यांना किंवा एखाद्या भक्कम फांदीला टांगा आणि उडताना बसता तसे बसा. फोन कॉकपिटवर (समोरच्या उपकरणांच्या पिशवीवर) नेहमीच्या जागी लावा आणि स्क्रीन बंद करा. आता त्या काळ्या काचेत काय दिसतंय ते बघा.

काच जवळजवळ आडवी असेल तर समोरचं आभाळ दिसेल. थोडी तुमच्याकडे कलली असेल तर डोक्यावरचं आभाळ, म्हणजे हवेत असताना विंगचं (वरच्या कापडी पंखाचं) पोट. विंग पिवळी किंवा पांढरी असेल तर उन्हात तिचं कापड आतून उजळतं आणि काचेत पिवळा डाग पडून राहतो. आणखी कलवलीत की स्वतःचा चेहरा आणि हेल्मेट येतं. त्याहूनही थोडी उभी केली की हनुवटीखालचा भाग, म्हणजे छाती दिसते. थांबायचं इथेच. छातीवर गडद कापड असलं की काच काळी राहते आणि आकडे उठून दिसतात.

बहुतेक कॉकपिट पट्ट्यांनी वरखाली होतात, पण पोटाशी खूप सपाट बसतात. पट्ट्या ओढूनही भागत नसेल तर फोनच्या पुढच्या कडेखाली, म्हणजे तुमच्यापासून दूरच्या बाजूला, कडक फोमची पाचर घाला. १५ ते २० अंशांची पाचर सहसा पुरते. १६ सेंटिमीटर लांबीच्या फोनला पुढची कड ५ सेंटिमीटरने उचलली की १८ अंशांच्या आसपास कोन मिळतो. पाचर वेल्क्रोने पक्की बसवा. ती टेकऑफच्या धावण्यात सरकली तर हवेत गेल्यावर नीट करायला हात मोकळा नसतो.

कोन बदलल्यावर रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) हँडल पुन्हा तपासायलाच हवं. ज्यांचा रिझर्व्ह पुढे, कॉकपिटखालीच असतो, त्यांनी तर कॉकपिट उचलून, हँडल ओढण्याची दिशा हाताने चाचपून पाहावी. स्क्रीन छान दिसते पण हँडल पाचरीखाली गेलंय, असली मांडणी तिथल्या तिथे मोडून टाका.

काच आणि तिच्यावरचे थर

बाजारात दीडशे-दोनशे रुपयांत बसवून देतात त्या टेम्पर्ड ग्लासपैकी काहींना फक्त कडेने गोंद असतो. मधे हवेचा पातळ थर राहतो. हवा आणि काच जिथे जिथे भेटतात तिथे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणजे अशा गार्डमुळे आणखी दोन आरसे वाढले, एकूण प्रतिबिंब जवळपास तिप्पट झालं. दुकानात मागताना पूर्ण गोंदाचा गार्ड मागा, नाहीतर उडण्याच्या फोनवर गार्डच नको. ओळखायची खूण अशी: गार्डच्या मध्यभागी बोटाने हलकं दाबलं की तेलकट इंद्रधनुषी वर्तुळं सरकली, तर आत हवा आहे. पावसाळ्यात वापरतो त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन घालून उडणं तर याहून वाईट, कारण ते प्लॅस्टिक सुरकुततं आणि प्रत्येक सुरकुती वेगळा सूर्य दाखवते.

मॅट गार्डबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मॅट काच प्रतिबिंब फोडून पसरवते. सावलीत किंवा खोलीत त्याने आराम वाटतो. पण थेट ऊन पडलं की तीच काच सगळीभर दुधाळ होते, आणि कोन बदलून ते दूध हटत नाही. चकचकीत काचेत सूर्य एकाच ठिकाणी दिसतो, काच दोन अंश फिरवली की निघून जातो. उघड्या हार्नेसमध्ये आम्ही चकचकीत काच आणि नीट कोन याच बाजूचे.

टेबललँडची लाल धूळ हा इथला खास त्रास. बोटांचे ठसे आणि त्यावर बसलेली धूळ थेट उन्हात मॅट गार्डसारखीच वागते. कोरडी धूळ जॅकेटच्या बाहीने पुसू नका, तिच्यातले खडे चरे पाडतात आणि चरे कायमचे चमकतात. आधी फुंकर, मग किंचित ओलं मायक्रोफायबर, मग कोरडं.

फोनची सेटिंग

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी शेवटपर्यंत नेली की सर्वांत जास्त उजेड मिळतो असं वाटतं. हल्लीच्या अनेक ओलेड फोनांत तसं नसतं. हाताने मिळणारी कमाल वेगळी आणि कडक उन्हासाठी राखून ठेवलेली कमाल वेगळी. ही दुसरी पातळी ऑटो चालू असताना, सेन्सरवर ऊन पडलं तरच उघडते. तपासायला दोन मिनिटं लागतात. भर दुपारी गच्चीवर जा, पांढरं पान उघडा, ऑटो बंद करून पट्टी पूर्ण न्या, मग ऑटो चालू करा. स्क्रीन उजळली तर ऑटो ठेवायचं, मंदावली तर हाताने.

ऑटो ठेवलंत तर सेन्सर झाकला जाता कामा नये. तो बहुधा वर, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. वरच्या कडेने बोट सरकवत जा, जिथे स्क्रीन मंदावते तिथे तो आहे. कव्हरची कड, वेल्क्रोची पट्टी किंवा आपणच केलेला छज्जा (कृती पुढे आहे) यांची सावली त्यावर पडली की फोनला वाटतं संध्याकाळ झाली, आणि तो ऐन थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) उजेड उतरवतो.

बॅटरी सेव्हर, डोळ्यांसाठीचा पिवळट मोड आणि डार्क मोड हे तिन्ही बंद. डार्क मोडचं काय चुकतं ते वेगळं सांगायला हवं, कारण बॅटरी वाचते म्हणून पुष्कळजण तो ठेवतात. काळी पार्श्वभूमी म्हणजे जवळपास शुद्ध आरसा. पांढऱ्या पार्श्वभूमीत प्रतिबिंब बुडून जातं. बॅटरी जास्त जाते हे खरं, पण जो आकडा वाचता येत नाही त्यासाठी वाचवलेली बॅटरी काय कामाची?

ॲपची पानं

एक्ससीट्रॅक असो की फ्लायस्कायहाय, या उड्डाणाच्या ॲपांत सुरुवातीला मिळणारी पानं सगळं काही दाखवायच्या नादात असतात. उडताना लागतं त्याची एक वेगळी यादी करा: चढ-उताराचा वेग, उंची, जमिनीवरचा वेग, वाऱ्याची दिशा आणि जोर. पुढे लँडिंगपर्यंत पोहोचू का याचा अंदाज देणारा आकडा. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त चौकटी नकोत. डोळ्यापासून स्क्रीन साधारण अर्ध्या मीटरवर असते. त्या अंतरावर मुख्य आकड्याची उंची प्रत्यक्ष पट्टीने मोजून किमान १० मिलिमीटर ठेवा. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर १४.

रंगांत काळ्यावर लाल ही जोडी उन्हात सर्वांत आधी मरते, आणि काळ्यावर निळी तर दिसतच नाही. स्क्रीनच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ असतो. म्हणून नुसता लाल आकडा म्हणजे पाचव्या हिश्श्याचा उजेड. पांढऱ्यावर काळं हीच जोडी घ्या. नकाशातही डोंगरांची छटा बंद करून फक्त उंचीच्या रेषा आणि जाड काळी वाट ठेवा. धोमच्या जलाशयाचा निळा रंग तेवढा फिकट ठेवलात तरी पुरे, पाणी कुठे आहे ते खाली बघून कळतं.

चढ लागला की थर्मलचं पान आपोआप यावं अशी सोय एक्ससीट्रॅकमध्ये आहे, ती लावून घ्या. हातमोज्याने स्क्रीन चाळत बसणं वाचतं.

छज्जा

स्टेशनरीच्या दुकानात ३ मिलिमीटर जाडीची काळी फोम शीट मिळते, शाळेच्या प्रकल्पांना नेतात तीच. ४० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकापासून १६ आणि २३.५ सेंटिमीटरवर पातळ ब्लेडने अर्ध्या जाडीपर्यंत काप द्या आणि तिथे दुमडा. दोन बाजू आणि पुढची भिंत तयार होते. बाजूच्या भिंती तुमच्याकडे येताना ५ वरून दीड सेंटिमीटरपर्यंत उतरत्या कापा. तुमच्याकडची बाजू उघडी. सेन्सरच्या वर नखाएवढी खाच पाडायला विसरू नका. वेल्क्रो कॉकपिटला लावा, फोनला नको. तार, प्लॅस्टिकची पट्टी किंवा कडक पुठ्ठा आत घालू नका. छज्जा असा मऊ हवा की त्यात रायझर (विंगला जोडणारी पट्टी) किंवा दोरी अडकली तरी तो वाकून सोडून देईल.

छज्ज्याला मर्यादा आहेत. तो संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला चांगला अडवतो. ऊन डोक्यावर आलं की तो नावापुरता उरतो. पाचगणी साधारण १७.९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४९ अंशांवर असतो, मार्चअखेर तो ७५ अंशांपर्यंत चढतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर बरोबर डोक्यावर येतो. गंमत म्हणजे त्या दिवसांत भर दुपारी तुमची विंगच छत्री होते. दोरींनी सातेक मीटर वर असलेल्या विंगची सावली सूर्य माथ्याजवळ असेपर्यंत तुमच्यावरच पडते.

चष्मा

पोलराइज्ड गॉगल नको. फोनच्या स्क्रीनमधून येणारा उजेड ठरावीक दिशेने ध्रुवित असतो. गॉगलची दिशा आडवी आली की स्क्रीन काळी ठिक्कर पडते किंवा तिच्यावर जांभळे-हिरवे पट्टे येतात. हे एलसीडीत होतं आणि अनेक ओलेडमध्येही. गॉगल आधीच घेतलेला असेल तर फोन उभा, आडवा आणि तिरका धरून पाहा. वळणात मान कलते, त्यामुळे तिरकी चाचणी सोडू नका.

साधा राखाडी किंवा तपकिरी, तिसऱ्या श्रेणीचा गॉगल योग्य. तो ८ ते १८ टक्के उजेड आत येऊ देतो. गॉगलमुळे स्क्रीन आणि बाहेरचं जग दोन्ही सारखेच मंद होतात, तुलना बिघडत नाही, डोळे मात्र शाबूत राहतात. चौथ्या श्रेणीचा फारच गडद, सावलीच्या दरीत शिरल्यावर पंचाईत होते. जवळचं वाचायला चष्मा लागत असेल तर खालच्या भागात नंबर घातलेला गॉगल करून घ्या. आम्हाला विचाराल तर पन्नाशीच्या पायलटने नव्या फोनआधी यावर पैसे घालावेत.

हवेत

कोन कितीही नीट असला तरी थर्मलमध्ये गोल फिरताना ऊन सगळीकडून येतं. एक घेरा साधारण २० सेकंदांचा. त्यात सूर्य समोर असतानाचा पाव घेरा हा वाचायचा. तुमच्याकडे कललेल्या काचेवर तेव्हा ऊन एकतर पडत नाही किंवा अगदी घसरतं पडतं. सूर्य बरोबर पाठीशी असेल तर डोक्याची सावली कामी येते. त्रास होतो तो सूर्य पाठीमागे पण जरा डावीउजवीकडे असताना, तेव्हा ऊन खांद्यावरून थेट काचेवर उतरतं. तिथे डोळे ताणू नका, पुढच्या पाव घेऱ्याची वाट पाहा. तोवर नजर बाहेर.

एका नजरेत एकच आकडा. पॅराग्लायडर ताशी ३६ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला १० मीटर कापतो. समोरून दुसरा तितक्याच वेगाने येत असेल तर अंतर सेकंदाला २० मीटरने घटतं. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत की ६० मीटर गेले. शनिवार-रविवारी कड्यालगत गर्दी असते, तिथे एवढे मीटर हाताशी नसतात. म्हणून चढ-उतार कानांनी ऐका. ॲपचा किंवा वेगळ्या ब्लूटूथ व्हेरिओचा आवाज लावला की स्क्रीनवरचा सर्वांत जास्त वेळा पाहिला जाणारा आकडा पाहावाच लागत नाही. आवाज वाऱ्यात ऐकू येतो का ते पहिल्या पाच मिनिटांतच ठरवा.

दोन नजरांत आकडा मिळाला नाही तर तो सोडून द्या. लँडिंगच्या तयारीत तर स्क्रीन नाहीच.

तापलेला फोन

चांगली दिसणारी स्क्रीन अचानक निम्म्यावर आली, तर सेटिंग शोधू नका, फोनला हात लावा. तो तापलेला असणार. आयफोनसाठी ॲपलने भोवतालची मर्यादा ३५ अंश दिली आहे. उन्हातल्या काळ्या फोनचं अंग ती बघता बघता ओलांडतं. मग फोन आधी उजेड उतरवतो, नंतर चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो.

हवेत गेल्यावर वारा लागतो, फोन बऱ्यापैकी थंड राहतो. तापतो तो टेकऑफवर, वाऱ्याची वाट बघत उन्हात तासभर कॉकपिटवर पडून असताना. तोवर तो स्क्रीन बंद करून बॅगेच्या सावलीत ठेवा आणि हार्नेस चढवताना लावा. ॲप आधी उघडून जीपीएस पकडून घेतलेलं असलं की दोन मिनिटं पुरतात. जाड रबरी कव्हर काढा. पाठीमागे फोमचा सलग थर नको, पाचरीत मधोमध वारा खेळेल अशी पोकळी ठेवा. तापलेला फोन बर्फाच्या डब्यात घालायची युक्ती करू नका, आत दमट हवेचं पाणी सुटतं.

चार्जिंगनेही उष्णता वाढते. पूर्ण भरलेल्या फोनने उड्डाण सुरू करा आणि फोनची बॅटरी निम्म्याखाली गेल्यावरच पॉवर बँक जोडा. तुमचा फोन पूर्ण उजेडात तासाला किती टक्के खातो हे गच्चीवर एकदा मोजून ठेवा, जीपीएस आणि ॲप चालू ठेवून. केबल आखूड, कॉकपिटच्या आतून नेलेली. फोनला हार्नेसपर्यंत २ मिलिमीटरची सुरक्षा दोरी हवीच. खाली भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात माणसं राबत असतात, आणि हजार फुटांवरून पडलेला फोन कुठेही जाऊ शकतो. दोरी इतकीच लांब की तिचा फास रिझर्व्हच्या हँडलपर्यंत पोहोचणार नाही.

फोनला पर्याय

वरचं सगळं करूनही भागत नसेल तर उन्हाशी भांडण्यापेक्षा उन्हावरच चालणारी स्क्रीन घ्यावी. ई-इंक आणि कृष्णधवल एलसीडी बाहेरचा उजेड परावर्तित करतात, त्यामुळे ऊन वाढेल तशा त्या अधिक स्पष्ट होतात. ४० टक्के उजेड परत फेकणारा ई-इंकचा पांढरा भाग १ लाख लक्समध्ये १२,००० निटच्या पुढे जातो, तेही बॅटरीवर जवळजवळ भार न टाकता. एक्ससोअर हे मोफत ॲप काही कोबो ई-रीडरवर चालतं, पण त्यात जीपीएस नसल्याने बाहेरून जोडावं लागतं, म्हणजे डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम आलं. ई-इंकचा नकाशा अडखळत बदलतो आणि जुन्या चित्राची पुसट छाया मागे उरते. आकड्यांना चालतं, झपाट्याने फिरणाऱ्या नकाशाला नाही. साधा कृष्णधवल व्हेरिओ मांडीवर आणि फोन फक्त नकाशासाठी, ही जोडी आम्हाला सर्वांत व्यवहारी वाटते.

बंद कॉकपिटचं ग्लायडर

साताऱ्याकडून पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरकडे जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथल्या ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, अंगाभोवती कॅनॉपी हे पारदर्शक झाकण असतं, वारा नसतो आणि ऊन वरून सरळ आत येतं. फोन तापण्याचा प्रश्न दुप्पट होतो. पायलट उकाड्यामुळे पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी घालतात, आणि नेमका तोच शर्ट काचेत उतरतो. टोपी पांढरीच असू द्या, शर्ट गडद रंगाचा पण पातळ सुती घाला. पोलराइज्ड गॉगलने कॅनॉपीच्या ॲक्रिलिकवरही रंगीत पट्टे दिसतात. फोन पॅनलच्या छज्ज्याखाली, खोल सावलीत बसवा. सक्शनचा स्टँड कॅनॉपीला चिकटवू नका, उन्हात त्याची पकड सुटते. स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) पूर्ण पुढे, मागे, डावीउजवीकडे नेऊन पाहा, फोनला कुठेही लागता कामा नये. कॅनॉपी उघडण्याचा आणि आणीबाणीत फेकून देण्याचा दांडा, तसंच ग्लायडर ओढणारा दोर सोडण्याची पिवळी मूठ, यांच्या वाटेत केबलही येऊ नये. हे सगळं उड्डाणाआधी प्रशिक्षकाला बसून दाखवा.